स्वस्तातली एअर रायफल घेताय? दुकानात जाण्याआधी हे वाचा

1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकलं. त्याआधी 2010 मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं विश्वविजेतेपद आणलं होतं, आणि 2022 मध्ये ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं कैरोत 10 मीटर एअर रायफलचं. हैदराबादकरांना गगन नारंगचं 2012 चं लंडनमधलं पदक आठवत असेल, इंदूरजवळच्या महूला तर लष्कराचं नेमबाजी केंद्रच आहे. अशी नावं कानावर पडली की घरातलं पोरगं एक दिवस म्हणतंच, "मला रायफल घ्या." मग वडील दुकानात जातात. तीन-चार हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंतच्या रायफली समोर मांडल्या जातात, आणि नेमकं कशासाठी किती मोजायचं हे कुणी सांगत नाही. ते इथं सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. स्वप्नीलचं पदक 50 मीटर थ्री पोझिशनचं आहे. त्यात .22 बोअरची दारूवर चालणारी रायफल वापरतात, तिला शस्त्र परवाना लागतो. नवखा खेळाडू मात्र बहुतेक वेळा 10 मीटर एअर रायफलपासूनच सुरुवात करतो. ही 4.5 मिलिमीटरची, म्हणजे .177 बोअरची, हवेवर चालणारी रायफल. हा लेख तिच्याबद्दल आहे.

कायदा: दोन आकडे पाठ करा

शस्त्र कायदा 1959 आणि शस्त्र नियम 2016 हे केंद्राचे आहेत. त्यामुळं बेळगाव, पणजी, कोल्हापूर, इंदूर, वडोदरा, सगळीकडे मूळ नियम एकच. लक्षात ठेवायचे आकडे दोन: बोअर 4.5 मिलिमीटर आणि ऊर्जा 20 ज्यूल. या दोन्ही मर्यादांच्या आत असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दोन्हीपैकी एकही मर्यादा ओलांडली की परवाना लागतो. म्हणजे .22 बोअरची एअर गन कितीही मऊ मारत असली तरी ती विनापरवाना घेता येत नाही. "अहो, हवेचीच तर आहे" हे उत्तर पोलिस ठाण्यात चालत नाही.

परवाना लागत नाही म्हणजे कागदपत्रं लागत नाहीत असं नव्हे. नीट धंदा करणारा दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, नोंद ठेवतो, अनुक्रमांकासह पक्की पावती देतो. यातलं काहीच न मागता कुणी "घेऊन जा, काही होत नाही" म्हणत असेल, तर स्वस्त मिळत असली तरी तिथून रायफल घेऊ नका. निवडणुकीच्या किंवा बंदोबस्ताच्या काळात स्थानिक आदेशही निघतात, त्यांची माहिती आपल्या पोलिस ठाण्यात मिळते.

कशासाठी हवी, हे आधी ठरवा

एअर रायफल घेणारे साधारण तीन प्रकारचे. एक, मुलाला किंवा मुलीला नेमबाजीत घालायचं म्हणणारे. दोन, सुट्टीच्या दिवशी अंगणात कागदावर नेम धरायची हौस असलेले. तीन, बागायतीत वानरं आणि पाखरं त्रास देतात म्हणून घेणारे.

तिसऱ्या प्रकारच्या मंडळींना स्पष्ट सांगायला हवं. नारळ, केळी, काजूची नासधूस होते तेव्हा जीव किती तळमळतो हे गोवा, चंदगड, खानापूरकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण वानर, मोर, घोरपड आणि बहुतेक सगळी रानपाखरं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहेत. त्यांच्यावर छर्रा झाडणं हा गुन्हा आहे, मग तो परवाना न लागणाऱ्या रायफलीतून का असेना. भटक्या कुत्र्यावर झाडला तर प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा लागू होतो. शिवाय 4.5 मिलिमीटरच्या छऱ्यानं वानर बहुधा मरत नाही, जखमी होऊन कुजत मरतं. त्या कामासाठी रायफल घेऊ नका. नुकसानीचा अर्ज वनखात्याकडे करा.

उरले पहिले दोन. हौसेखातर घ्यायची असेल तर साधी स्प्रिंगची रायफल पुरेशी. स्पर्धेसाठी असेल तर आधी काहीच विकत घेऊ नका. जवळच्या क्लबात किंवा अकादमीत नाव घाला आणि तिथल्या रायफलीवर दोन-तीन महिने शिकू द्या. मुलाला हे खरोखर आवडतं का, त्याच्या हाताची लांबी किती, तो डावरा की उजवा, कुठला डोळा प्रबळ, हे सगळं तेवढ्यात कळतं. प्रशिक्षक सांगेल ती रायफल घ्यावी. मोठ्या माणसासाठी बनवलेली तीन-साडेतीन किलोची, करकचून ताणावी लागणारी रायफल अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात दिली, तर महिन्याभरात त्याचे खांदे दुखतात आणि खेळ सुटतो. तिथं पैसे गेलेच, शिवाय मुलाचं मनही गेलं.

प्रकार तीन, खर्च तीन तऱ्हेचे

स्प्रिंग-पिस्टन: नळी मोडून खाली ओढायची, आत स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर दाबला की पिस्टन धावतो आणि पुढची हवा दाबून छर्रा बाहेर ढकलतो. वेगळा पंप नको, सिलिंडर नको. कमी पैशातली बहुतेक रायफल हीच. हिचा दोष एक: छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच पिस्टनचा धक्का बसतो, आधी मागं आणि मग पुढं. त्यामुळं ही आवळून धरली की नेम फाटतो. डाव्या तळहातावर सैल ठेवून मारायला शिकावं लागतं.

गॅस पिस्टन: स्प्रिंगऐवजी बंद नळीत दाबलेला वायू. थरथर कमी होते, बराच वेळ ताणून राहिली तरी स्प्रिंगसारखी ढिली पडत नाही. पण गळती लागली तर गल्लीतला मिस्त्री काही करू शकत नाही, आख्खा भाग बदलावा लागतो.

पीसीपी: आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. धक्का जवळजवळ नाही, नेम उत्तम. आजची स्पर्धेची रायफल याच तत्त्वावर बनते. पण नुसती रायफल घेऊन भागत नाही. सुमारे 200 बार दाबाची हवा भरायला हातपंप किंवा मोठा सिलिंडर लागतो, आणि पंपाची किंमत कित्येकदा एका साध्या स्प्रिंग रायफलीएवढी असते. दुकानात नुसत्या रायफलीचा भाव विचारून खूश होऊ नका. "हवा भरायची सोय धरून किती?" असं विचारा.

खोक्यावरच्या वेगाला भुलू नका

स्वस्त रायफलीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात वेग लिहिलेला असतो: 800 फूट, 1000 फूट प्रतिसेकंद. घेणाऱ्याला वाटतं, आकडा मोठा तेवढा माल चांगला. इथंच बहुतेकांची फसगत होते.

हिशेब सोपा आहे. छऱ्याचं वजन ग्रॅममध्ये घ्या, वेग मीटर प्रतिसेकंदमध्ये घ्या. वजन गुणिले वेग गुणिले वेग, आणि उत्तराला 2000 ने भागा. आली ऊर्जा, ज्यूलमध्ये. नेहमीचा 8 ग्रेनचा छर्रा साधारण 0.52 ग्रॅमचा. तो 600 फूट, म्हणजे 183 मीटर वेगानं गेला तर ऊर्जा साधारण 8.7 ज्यूल. 800 फुटांना 15.5 ज्यूल. 900 फुटांना 19.5. आणि 1000 फुटांना 24 च्या पुढं, म्हणजे कायद्याच्या रेषेपलीकडं!

मग "1000 फूट, परवाना नको" असं खोक्यावर असतं ते कसं? बऱ्याचदा तो आकडा अगदी हलक्या, मिश्रधातूच्या छऱ्यानं काढलेला असतो. 0.35 ग्रॅमचा छर्रा त्याच वेगानं गेला तर ऊर्जा 16 ज्यूलच भरते. शिशाचा नेहमीचा छर्रा घातला की वेग खाली येतो. म्हणून दुकानदाराला विचारा, हा वेग कुठल्या वजनाच्या छऱ्यावर मोजला? आणि ऊर्जा ज्यूलमध्ये लिहिलेला कंपनीचा कागद मागा. तो कागद पावतीसोबत जपून ठेवा.

दुसरी गोष्ट, 10 मीटरवर इतक्या वेगाची गरजच नाही. जर्मनीत विनापरवाना एअर रायफलची मर्यादा 7.5 ज्यूल आहे आणि तिथं बनणाऱ्या जगप्रसिद्ध स्पर्धेच्या रायफली तेवढ्याच ताकदीत बसतात. त्यांच्यावर खेळाडू 10 मीटरवरून अर्ध्या मिलिमीटरचा मधला ठिपका टिपतात. वेग जास्त म्हणजे स्प्रिंग कडक, ताणायला जोर जास्त, धक्का जास्त आणि नेम ढिला. शिकणाऱ्याला 500 ते 650 फुटांची मऊ रायफल कधीही बरी.

दुकानात दहा मिनिटं द्या

स्वस्त रायफलीत कंपनी पैसे कुठं वाचवते? लाकडाच्या पॉलिशवर नाही, कारण ते दिसतं. वाचवते नळीच्या जोडावर, ट्रिगरवर आणि साईटवर. म्हणून हे तपासा:

1. नळीचा जोड. रायफल बंद करून नळीचं टोक डावी-उजवीकडं हलवून बघा. जराही खेळ जाणवला तर ती बाजूला ठेवा. साईट नळीवर आणि नळीच हलती असेल, तर पुढचं सगळं व्यर्थ.

2. नळीचं तोंड. जिथून छर्रा बाहेर पडतो ती कड गोल आणि स्वच्छ हवी. टवका किंवा ओरखडा असेल तर छर्रा वाकडा निघतो.

3. आतली खाच. रायफल ताणलेली नाही, छर्रा घातलेला नाही याची खात्री करून नळी उघडा आणि मागच्या बाजूनं उजेडाकडं बघा. पेचदार खाचा टोकापर्यंत सारख्या दिसल्या पाहिजेत.

4. जोडावरचं सील. नळी जिथं बसते तिथं रबराची किंवा चामड्याची कडी असते. ती चेपलेली, फाटलेली नको. हा भाग सुटा मिळतो का ते तिथंच विचारा.

5. ट्रिगर. प्रत्येक वेळी एकाच जागी, एकाच जोरानं सुटला पाहिजे. स्पर्धेच्या रायफलीचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. स्वस्त स्प्रिंग रायफलीत दोन किलोचाही सापडतो. तेवढा चालेल, पण कधी इथं कधी तिथं सुटणारा चालणार नाही.

6. साईट. मागची साईट वर-खाली, डावी-उजवीकडं फिरवून बघा, प्रत्येक खटका स्पष्ट लागला पाहिजे. पुढची माशी सरळ आहे ना ते बघा. सोबत फुकट मिळणाऱ्या दुर्बिणीला भुलू नका. स्प्रिंग रायफलीचा दुहेरी धक्का साध्या दुर्बिणीला सोसत नाही, थोड्याच दिवसांत तिची आतली रेघ हलायला लागते.

7. लांबी. कोपर काटकोनात दुमडून दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. बोट ट्रिगरपर्यंत सहज पोचलं तर माप बरोबर.

एक मात्र करू नका: छर्रा न घालता स्प्रिंग रायफल "टक्" करून बघू नका. पुढं हवेची उशी नसल्यानं पिस्टन थेट आपटतो, सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात. दुकानदारच तसं करून दाखवत असेल तर तो माल कसा हाताळतो ते समजून घ्या.

शक्य असेल तिथं 10 मीटरवर टेकू लावून पाच-पाच छऱ्यांचे तीन गट मारून बघा. कमी पैशातल्या, उघड्या साईटच्या रायफलीचा गट दहा रुपयांच्या नाण्याखाली, म्हणजे 27 मिलिमीटरच्या आत झाकला जात असेल तर रायफल चांगली समजा. गट बारीक पण ठिपक्यापासून दूर असेल तर काळजी नको, ते साईट फिरवून बसतं. गटच पसरट असेल तर आधी छर्रा बदलून बघा. त्यानंही फरक पडला नाही तर ती रायफल नको.

खरा खर्च छऱ्यांचा

आता मुख्य हिशेब. शिकणारा मुलगा आठवड्यातून चार दिवस, रोज 50 छर्रे मारतो असं धरा. आठवड्याला 200, वर्षाला 10,000 च्या वर. 500 च्या डबीनं वीस डब्या. एका छऱ्यामागं एक रुपया जास्त मोजला तर वर्षाला दहा हजार जास्त गेले! म्हणजे साध्या रायफलीपेक्षा दोन वर्षांचे छर्रे महाग पडू शकतात. म्हणून बजेट काढताना रायफलीची किंमत, दोन वर्षांचे छर्रे, टार्गेटचे कागद, मागची पेटी, डोळ्याचा चष्मा आणि एक जादा स्प्रिंग-सील, असं सगळं एकत्र मांडा.

सगळ्यात स्वस्त छर्रे घ्यायचे का? तेही नको. हाताळताना चेपलेले, कमी-जास्त वजनाचे छर्रे चांगल्या रायफलीचाही नेम फाडतात. कागदावर मारायला चपट्या तोंडाचे छर्रे घ्यावेत, भोक गोल आणि स्वच्छ पडतं, गुण मोजायला सोपं जातं. टोकदार छर्रे दिसायला भारी, पण 10 मीटरवर त्यांचा काही उपयोग नाही. दोन-तीन जातींची एकेक डबी आणा, आपल्या नळीला कुठली मानवते ते बघा आणि मग तीच घ्या. महागाची मानवेलच असं नाही.

हजार-दीड हजार वाचवून ढिल्या जोडाची रायफल घेतली, तर वर्षभराचे छर्रे वाया जातात आणि मुलाला वाटतं चूक आपलीच. उलट, पहिल्याच वर्षी लाखाची रायफल घेऊन तिच्यात साधे चेपलेले छर्रे घालण्यातही अर्थ नाही.

जुनी रायफल मिळाली तर

जुन्या वाड्यांत, बंगल्यांत "डायना" अजून सापडते. आजोबांची आठवण म्हणून ठीक, पण आधी बोअर तपासा. ती .22 निघाली तर वापरू नका, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या किंवा पोलिस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत चौकशी करा. .177 असेल तर स्प्रिंग आणि वॉशर बदलून ती पुन्हा चांगली चालू शकते. विकत घेत असाल तर मूळ पावती आणि अनुक्रमांक जुळतो ना ते बघा.

स्पर्धेची जुनी पीसीपी रायफल निम्म्या भावात मिळतेय? सिलिंडरवरची तारीख वाचा. कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. नव्या सिलिंडरची किंमत धरून सौदा खरंच स्वस्त पडतो का ते ठरवा.

सीमेपलीकडून आणताना

बेळगावचा माणूस कोल्हापुरात घेतो, पेडण्याचा सावंतवाडीत. कायद्यानं अडचण नाही, व्यवहारानं आहे. बिघडली तर दुरुस्ती कुठं? कुरियरवाले अशी वस्तू घेतीलच याचा भरवसा नाही. म्हणून आपल्या गावापासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणी दुरुस्ती आणि सुटे भाग मिळणारी कंपनी निवडा, मग किंमत पाचशेनं जास्त असली तरी चालेल. या बाबतीत भारतीय बनावटीची रायफल सहसा सोयीची पडते.

आणताना रायफल बंद पिशवीत, न ताणलेली, छर्रे वेगळे आणि पावती खिशात. नाक्यावर विचारलं तर पिशवी उघडण्याआधी पावती पुढं करा. मांडीवर उघडी रायफल ठेवून मोटारसायकलवर येणं म्हणजे स्वतःहून अडचण ओढवून घेणं.

घरी आल्यावर

एअर रायफल खेळणं नाही. छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. तो शेकडो मीटर लांब जाऊ शकतो, आणि दगडावर, पत्र्यावर आपटून मागंही येतो. टार्गेटच्या मागं जाड लाकडी पेटी, आत ठासून भरलेल्या चिंध्या आणि शेवटी लोखंडी पत्रा, एवढं हवंच. मागं भिंत हवी, वाट किंवा परडं नको. मारणाऱ्यानं आणि बघणाऱ्यानं चष्मा घालावा. छर्रा घालताना एका हातानं नळी घट्ट धरावी, ती सुटून मिटली तर बोट सापडतं.

छर्रे शिशाचे असतात. मारून झाल्यावर हात साबणानं धुवा, मध्येच खाणं नको, छर्रे तोंडात धरायची सवय तर मुळीच नको. काम झालं की रायफल न ताणलेली, कुलपात. छर्रे दुसऱ्या कपाटात.

नव्या रायफलीतून पहिले काही बार धुराचे निघतात, आतलं तेल जळतं. त्यात घाबरायचं नाही. पण "गुळगुळीत व्हावी" म्हणून हवेच्या भोकात तेल ओतू नका. ते पेट घेतं, वेग एकदम वाढतो आणि सील फाटतं. बिजागरीला थेंबभर तेल आणि बाहेरून कोरडा फडका, पावसाळ्यात तेलाचा हात फिरवलेला फडका, एवढी देखभाल पुरे.

थोडक्यात

बोअर 4.5, ऊर्जा 20 ज्यूलच्या आत, पक्की पावती. वेगापेक्षा नळीचा जोड आणि ट्रिगर बघा. हौसेला साधी स्प्रिंग, स्पर्धेला आधी क्लबची रायफल. खिशात असलेल्या रकमेतले निम्मेच रायफलीवर घाला, निम्मे छऱ्यांसाठी राखून ठेवा. साध्या रायफलीतून रोज पन्नास छर्रे मारणारा मुलगा, भारी रायफल कपाटात ठेवणाऱ्यापेक्षा लवकर पुढं जातो.